फोनच्या बॅटरीची तब्येत मोजत काढलेले नऊ महिने: ॲक्युबॅटरीचा अनुभव

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर नागपुरात फिरायचं: धंतोली, रामदासपेठ, मग सक्करदरा, आठवड्यातून एकदा कामठी. गाडीच्या हँडलवर फोन, त्यावर मॅप सुरू, आणि डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये बसून त्याच फोनवर रिपोर्ट भरायचे. फोन २०२२ चा, बॅटरी ५,००० एमएएचची (बॅटरीत किती मावतं ते या एककात मोजतात). यंदा फेब्रुवारीत दुपारी तीनलाच तो १५ टक्क्यांवर यायला लागला, तेव्हा घरचे म्हणाले, नवीन घेऊन टाक. मला आधी पाहायचं होतं की दुखणं बॅटरीचंच आहे का.

सगळे करतात तेच मी आधी केलं, फोन लावायच्या पॅडवर *#*#४६३६#*#* हा कोड दाबून पाहिला. 'हेल्थ: गुड' आलं. त्यावर विसंबू नका. ते 'गुड' म्हणजे बॅटरी फार तापलेली नाही, व्होल्टेज जास्त नाही, ती मेलेली नाही, एवढंच. पहिल्या दिवशी जेवढं मावत होतं त्यातलं आज किती मावतं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आयफोनमध्ये २०१८ पासून सेटिंगमध्येच टक्का दिसतो. आता काही अँड्रॉइड फोनांतही दिसतो, माझ्यात नाही. म्हणून ॲक्युबॅटरी हे बॅटरी मोजणारं ॲप टाकलं.

याचं काम साधं आहे. फोन चार्जिंगला लावला की बॅटरीत किती एमएएच गेले ते मोजायचं आणि किती टक्के वाढले त्याने भागायचं. माझं पहिलं नीट झालेलं चार्जिंग २० ते ८० होतं. ६० टक्क्यांत २,४३० एमएएच गेले, म्हणजे पूर्ण बॅटरी ४,०५० ची. मूळ ५,००० च्या ८१ टक्के. पण एका चार्जिंगवरून निकाल लावू नका. दहा-पंधरा टक्क्यांचं चार्जिंग केलं की आकडा कधी ७६ येतो, कधी ८८. पन्नास-साठ टक्क्यांची आठ-दहा चार्जिंग होऊ द्या, मग जी सरासरी थांबते ती खरी धरा. ॲपमध्ये मूळ क्षमता बरोबर टाकली आहे का तेही पाहा, नाहीतर टक्का पहिल्यापासूनच चुकतो. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपला बॅकग्राउंडची मोकळीक द्या. माझा फोन त्याला दर रात्री बंद करायचा, पहिला आठवडा त्यातच वाया गेला.

खरं शिकायला मिळालं ते मे महिन्यात. आपल्याकडे २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ वर गेला होता, यंदा तेवढा नव्हता तरी ऊन आपल्या नागपूरचंच. आयफोन बनवणारी कंपनी सांगते की फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा. मे महिन्यात दुपारी बाराला अशी हवा आणायची कुठून? एक दिवस व्हेरायटी चौकाच्या सिग्नलवर स्क्रीन आपोआप काळवंडली, चार्जिंग थांबलं. फोन हँडलवर, गाडीचा चार्जर लावलेला, ॲपमध्ये बॅटरीचं तापमान ४६. बॅटरी भरलेली आणि वरून तापलेली, यापेक्षा वाईट अवस्था तिच्यासाठी नाही. मी सावलीत गाडी लावली, कव्हर काढलं आणि फोन नुसता बॅगेत ठेवला. घरी आल्यावर आई तो माठाच्या झाकणावर ठेवायला निघाली होती, ओलाव्यामुळे मी नको म्हटलं. पंख्याखाली फरशीवर ठेवला की दहा मिनिटांत उतरतो.

तेव्हापासून गाडीवर चार्जिंग बंद. सकाळी सहाला, आंघोळीच्या आधी लावतो, ८० ला ॲपचा अलार्म वाजतो, काढतो. रात्रभर लावून ठेवणं सोडलं. तरी जूनअखेर सरासरी ३,८०० च्या आसपास आली होती. झालेली झीज परत येत नाही, हे ॲप काही बॅटरी दुरुस्त करत नाही.

जुलैत बर्डीवरच्या एका दुकानात बॅटरी बदलून घेतली. स्टिकरवर ५,०००. पहिले दोन दिवस बरं वाटलं, मग १८ टक्क्यांवर फोन एकदम बंद. नवी बॅटरी बसवल्यावर फोनला तिचा अंदाज यायला काही चार्जिंग लागतात, म्हणून पंधरा दिवस थांबलो. मग १५ ते ९० चार्ज केला. ७५ टक्क्यांत २,६५५ एमएएच, म्हणजे पूर्ण बॅटरी ३,५४० ची. काढून टाकलेल्या जुन्या बॅटरीपेक्षाही कमी! सहा चार्जिंगचे स्क्रीनशॉट घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "भाऊ, स्टिकरवर तर पाच हजारच लिहून हाय नं?" मी म्हटलं, "दादा, स्टिकर नका पाहू, हे पाहा." त्याने एकेक स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. माल त्याच्याकडेही तसाच आला होता. मजुरी कापून पैसे परत दिले, आणि त्याबद्दल मला त्याचा राग नाही. नुसतं "लवकर उतरते" म्हटलं असतं तर मला काहीच मिळालं नसतं.

ऑगस्टमध्ये कंपनीच्या अधिकृत सेंटरमधून बसवली. महाग पडली, पण नव्या फोनाच्या मानाने काहीच नाही. आता रात्री नऊला घरी येतो तेव्हा ३० टक्के उरलेली असते.

ॲपबद्दल राहिलेलं: फुकटात जाहिराती येतात, जुन्या नोंदी पाहायला पैसे भरावे लागतात. मी भरले. काही फोनांच्या बॅटरीत एकाऐवजी दोन सेल असतात, तिथे आकडा निम्मा दिसू शकतो, घाबरू नका, आधी आपला फोन तसा आहे का ते पाहा. जुना फोन विकत घेणार असाल तर मालकाला म्हणा, हे टाकून चार दिवस वापरू द्या.

आज सकाळी २२ ते ८१ चार्ज केला. २,८८५ एमएएच गेले. भागून पाहिलं, ४,८९०.