आरटीएक्स ४०६०: चिप दमदार, मेमरी तोकडी

एनव्हीडियाचं आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड जून २०२३ मध्ये आलं. मे २०२५ मध्ये ५०६० आल्यावर ते मागच्या पिढीत गेलं, पण वापरलेल्या कार्डांत आजही सर्रास दिसतं. ते घ्यावं की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: सध्या मशीनमध्ये कोणतं कार्ड आहे आणि मॉनिटर कोणत्या रेझोल्यूशनचा आहे.

जीटीएक्स १०६०, १६५० किंवा त्याच्या आसपासच्या कार्डावरून येत असाल आणि मॉनिटर १०८०पी असेल, तर फरक पहिल्याच गेममध्ये कळेल. ३०६० वरून येत असाल तर घेऊ नका. १०८०पीला साधारण पंधरा-वीस टक्के वेग वाढतो, पण बदल्यात १२ जीबी मेमरी जाऊन ८ जीबी हातात येते. ३०६० टीआयवरून तर मुळीच नको. त्या कार्डात २५६ बिटचा बस (चिप आणि मेमरी यांमधला डेटाचा रस्ता) आणि सेकंदाला ४४८ जीबी बँडविड्थ (त्या रस्त्याने जाणारा डेटा) आहे, आणि १४४०पीला ते ४०६० च्या पुढेच राहतं.

४०६० चा बस १२८ बिटचा, मेमरी १७ जीबीपीएसची जीडीडीआर६, म्हणजे बँडविड्थ सेकंदाला २७२ जीबी. ३०६० ला ३६० होती. ही तूट भरून काढायला चिपमध्ये २४ एमबी एल२ कॅश (चिपच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) दिली आहे. ३०६० मध्ये ती ३ एमबी होती. १०८०पीला ही युक्ती चांगली चालते, कारण लागणारा डेटा बराचसा कॅशमध्येच सापडतो. रेझोल्यूशन वाढलं की कॅश अपुरी पडते आणि अरुंद बस उघडा पडतो. म्हणून १४४०पीसाठी हे कार्ड घ्यायचं तर डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनला गेम चालवून चित्र मोठं करणारं एनव्हीडियाचं तंत्र) कायम चालू ठेवायची तयारी हवी.

खरी अडचण मात्र ८ जीबीची आहे, आणि ती सरासरी एफपीएसच्या (सेकंदाला येणाऱ्या फ्रेमच्या) आकड्यात दिसत नाही. मेमरी भरली की गेम सिस्टिमच्या रॅममधून डेटा ओढू लागतो. हा डेटा पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमधून येतो, आणि या कार्डाला लेन (डेटाच्या मार्गिका) आहेत फक्त आठ. चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्यातून सेकंदाला साधारण १६ जीबी जातात, तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर फक्त आठ. त्यामुळे जुन्या बोर्डावर मेमरी ओसंडली की झटके जास्त जोरात बसतात. मेमरीत मावतंय तोवर जुन्या बोर्डाचा फारसा तोटा होत नाही.

हे स्वतः तपासायचं असेल तर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर जा आणि डेडिकेटेड (कार्डाची) व शेअर्ड (सिस्टिमच्या रॅममधली) मेमरीचे दोन आलेख बघा. डेडिकेटेड साडेसात जीबीच्या आसपास जाऊन सपाट झाली आणि शेअर्ड चढू लागली, तर झटक्यांचं कारण सापडलं. अशा वेळी सगळं सेटिंग खाली आणू नका. फक्त टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) एक पायरी उतरवा. टेक्स्चर चिपवर जवळजवळ भार टाकत नाही, ते मेमरी खातं. शॅडो आणि रे ट्रेसिंग कमी करून टेक्स्चर अल्ट्रावर ठेवणारे नेमकं उलटं करतात. मागे उघडा राहिलेला ब्राउझरही ग्राफिक्स मेमरी धरून बसतो, तो बंद केला तरी थोडी जागा सुटते.

फ्रेम जनरेशन, म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे कार्डाने स्वतः बनवलेली फ्रेम घालणं, हा या कार्डाचा मोठा दावा. मूळचे ६० च्या आसपास फ्रेम येत असतील तर ते छान वाटतं. मूळचे ३० असतील तर पडद्यावर आकडा वाढतो, पण माउस जडच राहतो. शिवाय फ्रेम जनरेशन स्वतः मेमरी घेतं. मेमरी आधीच काठावर असेल तर ते चालू केल्यावर झटके वाढलेलेही दिसतात. व्हिडिओचं काम करणाऱ्यांसाठी मात्र एक निखळ चांगली गोष्ट आहे: यात एव्ही१ (व्हिडिओ कमी जागेत साठवण्याची पद्धत) एन्कोडर आहे. ३०६० एव्ही१ फक्त वाचू शकतं, लिहू शकत नाही.

वीज हा या कार्डाचा सगळ्यात मोठा गुण. पूर्ण भारावर ११५ वॅट, तर ३०६० ला १७० लागतात. बहुतेक मॉडेलना एकच ८ पिनची केबल पुरते. एनव्हीडिया ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. वॅटपेक्षा तो चांगल्या दर्जाचा असणं महत्त्वाचं. केबल जोडताना ६ अधिक २ असे तुकडे असलेलीच घ्या. ४ अधिक ४ वाली प्रोसेसरसाठी असते आणि तिची जोडणी वेगळी आहे. मॉड्युलर सप्लाय बदलत असाल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला लावू नका. सप्लायच्या बाजूच्या पिनांची रचना कंपनीगणिक बदलते, आणि चुकीच्या केबलने कार्ड कायमचं जळू शकतं.

एवढी कमी उष्णता असल्यामुळे तीन पंख्यांच्या अवजड मॉडेलवर जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही. दोन पंख्यांचं साधं मॉडेल पुरतं. एका पंख्याचीही मिळतात. लहान कॅबिनेटमध्ये ती बसतात, फक्त आवाज थोडा जास्त सोसावा लागतो.

वापरलेलं कार्ड घेताना जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून ३०७२ शेडर (चिपमधली गणना करणारी एककं) दिसतात का बघा. मग बस इंटरफेसच्या (पीसीआय एक्सप्रेसच्या, मेमरीच्या बसच्या नव्हे) रकान्याशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून त्यातली रेंडर चाचणी सुरू करा. रिकाम्या वेळी बस पहिल्या पिढीच्या वेगावर उतरलेला दिसतो, ते ठीक आहे. भाराखाली चौथ्या पिढीच्या बोर्डावर आठ लेन आणि ४.० दिसलं पाहिजे. चारच लेन दिसल्या तर कार्ड काढून पुन्हा नीट बसवा. तरीही चारच राहिल्या तर दुसऱ्या मशीनमध्ये बघा, म्हणजे दोष कार्डाचा की स्लॉटचा हे कळेल. चिपचं सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू) यांत दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. पंचवीस-तीसचा असेल तर चिप आणि कूलर यांमधली थर्मल पेस्ट सुकली आहे किंवा कूलर नीट दाबलेला नाही.

बसवण्याआधी जुना ड्रायव्हर डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) वापरून सेफ मोडमधून काढा, विशेषतः एएमडीच्या कार्डावरून येत असाल तर. त्या वेळी इंटरनेट तोडून ठेवा, नाहीतर विंडोज मधेच आपला ड्रायव्हर टाकतं. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नाही, कार्डाला लावा. नवीन कार्ड "चालत नाही" या तक्रारींत हे कारण वारंवार निघतं. मग बायोसमध्ये अबव्ह फोर-जी डीकोडिंग आणि रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद असावं लागतं, आणि विंडोजची डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल तर सीएसएम बंद केल्यावर मशीन बूटच होणार नाही. आधी डिस्क जीपीटीमध्ये बदला (विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर-टू-जीपीटी नावाचं टूल आहे), बॅकअप घेऊन. शेवटी एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये रिसायझेबल बारपुढे "यस" आलं की झालं.

आता ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. कोअरच्या (चिपच्या घड्याळवेगाच्या) मागे लागू नका. चिप आपणहून २७०० मेगाहर्ट्झच्या आसपास धावते, वर दोनेकशे चढवले तरी गेममध्ये हाती येतात मोजके फ्रेम. कमी पडते ती मेमरीची बँडविड्थ. एमएसआय आफ्टरबर्नर या ओव्हरक्लॉकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीचा घड्याळवेग ८५०१ दिसतो. त्यावर १००० वाढवले की मेमरी १९ जीबीपीएसला आणि बँडविड्थ ३०४ ला जाते. बरीच कार्डं एवढं सोसतात, पण एकदम तिथे उडी मारू नका. ५०० पासून सुरू करा, शंभर-शंभरने वाढवा आणि प्रत्येक पायरीवर तोच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवा. स्कोअर आधी चढतो, मग सपाट होतो, मग उतरू लागतो. उतरायला लागला म्हणजे मर्यादा ओलांडली, पडद्यावर काहीच बिघडलेलं दिसत नसलं तरी. तिथून दोनशे मागे या. या कार्डावर मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, त्यामुळे भाराखाली पंखा फार मंद ठेवू नका.

कोअरला व्होल्टेज कमी करणं जास्त फायद्याचं. कार्ड गेममध्ये थोडं तापू द्या, कारण तापमानानुसार सगळा कर्व्ह (कोणत्या व्होल्टेजला किती वेग, याचा आलेख) १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो आणि थंड कार्डावर लावलेला आकडा नंतर बदललेला दिसतो. कोअरचा स्लायडर उणे ३०० वर न्या आणि लागू करा. कंट्रोल-एफ दाबून कर्व्ह उघडा, ९५० मिलिव्होल्टचा ठिपका पकडून २६४० पर्यंत वर ओढा, पुन्हा लागू करा. उजवीकडचे सगळे ठिपके आपोआप त्याच रेषेत सपाट होतात. आता चिप ९५० च्या वर व्होल्टेज मागणार नाही. वेग जवळपास तेवढाच राहतो, वीज साधारण पंधरा-वीस वॅटने उतरते आणि पंखे शांत होतात. तुमच्या चिपला २६४० झेपत नसेल तर १५ ने खाली या. आरामात झेपत असेल तर १५ ने वर जा. मेमरी आणि कोअर एकाच वेळी बदलू नका, नाहीतर क्रॅश कुणामुळे झाला ते कळत नाही.

चाचणीसाठी फरमार्क (कार्डावर प्रचंड भार टाकणारं सॉफ्टवेअर) वापरणारे खूप आहेत. ते उष्णता तपासायला ठीक, पण ओव्हरक्लॉक तपासायला निरुपयोगी. फरमार्कमध्ये कार्ड लगेच वीजमर्यादेला धडकतं आणि घड्याळवेग खाली येतो, म्हणजे तुम्ही लावलेला वरचा वेग तपासलाच जात नाही. थ्रीडीमार्क टाइम स्पायची २० फेऱ्यांची स्ट्रेस चाचणी चालवा; ९७ टक्के स्थिरता म्हणजे पास. त्यानंतर रे ट्रेसिंग असलेला गेम तासभर खेळा, कारण साध्या गेममध्ये टिकणारं सेटिंग तिथे कोसळतं. मेमरीसाठी ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी स्वतंत्र चालवा, एकही चूक चालणार नाही. पडदा क्षणभर काळा होऊन परत आला तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ड्रायव्हर थांबला आणि सावरला, अशी ४१०१ क्रमांकाची नोंद असेल तर चिपने विंडोजला दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही. अशा वेळी आधी सगळं मूळ सेटिंगवर आणा आणि तोच गेम खेळून बघा. तरीही नोंद येत असेल तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही, ड्रायव्हर किंवा पॉवर सप्लाय बघावा लागेल. काही दिवस निर्धोक जाईपर्यंत आफ्टरबर्नरला मशीन सुरू होतानाच सेटिंग लागू करायला सांगू नका.

पर्यायांत इंटेल आर्क बी५८० विचारात घेण्यासारखं आहे: १२ जीबी, १९२ बिट, सेकंदाला ४५६ जीबी. पण त्याला १९० वॅट लागतात, रिसायझेबल बारशिवाय ते घेऊच नये, आणि जुन्या प्रोसेसरवर ते बरंच मागे पडतं. सहा-सात वर्षं जुन्या मशीनमध्ये, आहे त्याच पॉवर सप्लायवर कार्ड घालायचं असेल, तर ४०६० बरं. प्रोसेसर नवा असेल आणि टेक्स्चरशी तडजोड नको असेल, तर बी५८० घ्या. ५०६० ची बँडविड्थ जीडीडीआर७ मुळे ४४८ झाली आहे, पण मेमरी पुन्हा ८ जीबीच आणि लेनही आठच. ४०६० वापरणाऱ्यांनी त्यावर जाऊ नये. पुढचं कार्ड घ्याल ते १२ किंवा १६ जीबीचंच घ्या.