प्रॉक्सी कुठे ठेवायचा: फायरवॉलच्या बाहेर, आत की डीएमझेडमध्ये?

ऑफिसात स्क्विड बसवायचं ठरलं की पहिला वाद जागेवरून होतो. स्क्विड म्हणजे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर: ऑफिसातल्या मशीनच्या वतीने तेच इंटरनेटवर जातं आणि कोण कुठे गेलं याची नोंद, म्हणजे लॉग, ठेवतं. डीएमझेड म्हणजे लॅन (ऑफिसचं आतलं नेटवर्क) आणि इंटरनेट या दोन्हींपासून फायरवॉलने वेगळा ठेवलेला मधला भाग.

फायरवॉलच्या बाहेरची जागा मी थेट बाद करतो. ३१२८ आणि ८०८० हे प्रॉक्सीचे नेहमीचे पोर्ट धुंडाळणारे स्कॅनर रात्रंदिवस चालू असतात. एसीएलची (कुणाला वापरू द्यायचं याच्या यादीची) एक ओळ चुकली की तुमचा प्रॉक्सी परक्यांसाठी खुला, आणि त्यांच्या उचापतींवर नाव तुमच्या आयपीचं. शिवाय फायरवॉल नॅट करत असेल, म्हणजे आतल्या सगळ्या आयपींच्या जागी स्वतःचा एकच लावत असेल, तर लॉगमध्ये सगळं ऑफिस एकाच आयपीने दिसतं. मग लॉग ठेवून उपयोग काय?

आत, लॅनमध्ये ठेवणं सगळ्यांत सोपं. प्रत्येक मशीनचा आयपी दिसतो, डोमेन लॉगिनही (ऑफिसच्या मशीनवरचं नेहमीचं लॉगिन) सहज जोडता येतं. पण हा प्रॉक्सी दिवसभर बाहेरचा, भरवसा नसलेला डेटा वाचत असतो. त्याच्यात भोक सापडलं तर हल्लेखोर फाइल सर्व्हरच्या शेजारीच येऊन बसतो. मध्ये अडवायला फायरवॉल नाही.

डीएमझेडमध्ये नेमका हाच धोका आटोक्यात येतो. लॅनमधून प्रॉक्सीकडे फक्त ३१२८. प्रॉक्सीतून बाहेर ८०, ४४३ आणि डीएनएससाठी ५३. प्रॉक्सीकडून लॅनकडे काहीही नाही. सगळी मदार या शेवटच्या नियमावर आहे. ‘लॉगिनसाठी डोमेन कंट्रोलरपर्यंत (लॉगिन तपासणाऱ्या लॅनमधल्या सर्व्हरपर्यंत) वाट उघडावी लागेलच ना?’ असं हमखास विचारलं जातं. कर्बरॉस ही तिकिटांवर चालणारी लॉगिन पद्धत वापरलात तर प्रॉक्सी आपल्या कीटॅब फाइलवरून (तिच्यात त्याची गुप्त किल्ली असते) युजरचं तिकीट तपासतो, त्यासाठी कंट्रोलरकडे जावं लागत नाही. युजरचा ग्रुप पाहायचा असेल तरच एलडॅपचा (युजरची माहिती विचारण्याच्या प्रोटोकॉलचा) ६३६ उघडा, तोही कंट्रोलरच्या एकाच आयपीपुरता. लॅन आणि डीएमझेडमधलं नॅट मात्र बंद ठेवा, नाहीतर लॉगची गत बाहेरच्यासारखीच.

दहा-पंधरा मशीन, एकच साधा राउटर आणि बाहेरून कुणी वापरावा असा एकही सर्व्हर नाही, तर प्रॉक्सी आत ठेवा. डीएमझेडचा व्याप नको. ग्राहकांचा डेटा सांभाळत असाल तर फायरवॉलचा तिसरा, केबल जोडायचा पोर्ट वापरा आणि डीएमझेड कराच. वेबसाइटपुढचा रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या विनंत्या आधी स्वतः घेणारा, तर डीएमझेडमध्येच हवा.

जागा कोणतीही निवडा, लॅनमधून थेट बाहेर जाणारे ८० आणि ४४३ (प्रॉक्सी वगळता) बंद करा, यूडीपी ४४३सुद्धा. तो हमखास विसरला जातो आणि क्विकचा (ब्राउझर वापरतात त्या यूडीपीवरच्या प्रोटोकॉलचा) ट्रॅफिक प्रॉक्सीला वळसा घालून जातो. मग एका लॅपटॉपवरची प्रॉक्सी सेटिंग काढून एखादी साइट उघडून पाहा. उघडली, तर काम अजून बाकी आहे.