२०,००० एमएएच, ६५ वॅटची पॉवर बँक: लॅपटॉप घेऊन विमानाने फिरणाऱ्यांनी काय बघून घ्यावी

पॉवर बँक घेताना सगळ्यांची नजर पुढच्या मोठ्या आकड्यावर असते. विमानतळावरचा सुरक्षा कर्मचारी मात्र ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचतो. एमएएचशी त्याला फारसं देणंघेणं नसतं, तो वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा, शोधत असतो. हिशेब सोपा आहे: २०,००० गुणिले सेलचे ३.७ व्होल्ट, भागिले १०००, म्हणजे ७४ वॅट-अवर. विमान कंपनीला न विचारता नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा सर्वसाधारणपणे १०० वॅट-अवर, त्यामुळे ही बँक निवांत बसते. २७,००० ची ९९.९ वर, अगदी काठावर. ३०,००० ची १११ होते, आणि १०० ते १६० मधल्या बॅटरीला कंपनीची आधी मंजुरी लागते. १६० च्या वर प्रवाशाला मनाईच.

हे आकडे वाचता यायला हवेत. रबरासारखं मऊ आवरण असलेल्या बँकांवर ते बहुधा साध्या शाईने छापलेले असतात आणि बॅगेत घासून पुसट होतात. आकडा दिसला नाही तर बँक तिथेच ठेवून जावं लागू शकतं. कोरलेली अक्षरं असलेली घ्यावी. छापील असतील तर पहिल्याच दिवशी वरून पारदर्शक पट्टी चिकटवावी.

७४ वॅट-अवर पूर्ण हाती येत नाहीत. सेलचं व्होल्टेज लॅपटॉपसाठी २० व्होल्टपर्यंत चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. खोक्यावर 'रेटेड कपॅसिटी ५ व्होल्टला १२,००० एमएएच' असं काही लिहिलेलं असेल तर ते ६० वॅट-अवर झाले. ही फसवणूक नव्हे, उलट खोक्यावरचा सगळ्यात प्रामाणिक आकडा तोच. १२-१५ वॅट खाणाऱ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिणं, मेल, एक्सेल असं काम चार तास निघतं. गेमिंग लॅपटॉपवाल्यांनी या वाटेला जाऊच नये.

केबलकडे लक्ष द्या. ६५ वॅट म्हणजे २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरचीच असते, म्हणून लॅपटॉपला ६० वॅटच मिळतात. त्यापुढे ५ अँपिअरची, आत स्वतःची क्षमता सांगणारी चिप असलेली केबल लागते. ऑफिसच्या लॅपटॉपला ६० पुरतात, तेव्हा एवढ्यासाठी वेगळी केबल घेण्यात अर्थ नाही.

खरी डोकेदुखी दुसऱ्या पोर्टची आहे. लॅपटॉप चार्ज होत असताना फोन जोडला की बऱ्याच बँका ६५ वॅटची ४५ आणि २० अशी वाटणी करतात, आणि ती ठरवताना क्षणभर दोन्हीकडचा वीजपुरवठा तोडतात. लॅपटॉपला काही होत नाही, स्क्रीन थोडी मंद होऊन परत उजळते. पण वीज यूएसबी हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीतून) येत असेल आणि त्याच हबला बाहेरची हार्ड डिस्क असेल, तर डिस्क सुटते आणि कॉपी होत असलेली फाइल अर्धवट राहते. आधी सगळं जोडा, मग कॉपी सुरू करा.

या गटात सगळ्यात दुर्लक्षित ओळ इनपुटची. बाहेर ६५ वॅट देणारी बँक आत १८ च घेत असेल तर रिकामी भरायला साडेचार-पाच तास. ६५ घेणारी दोनेक तासांत भरते. कनेक्टिंग फ्लाइटच्या मधल्या वेळेत हा फरक जाणवतो, आणि आता जास्तच, कारण विमानात बँक वापरण्यावर बंधनं वाढताहेत. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान धावपट्टीकडे निघण्याआधीच पेटलं आणि संशय पॉवर बँकेवर गेला. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात बँक वापरणं आणि भरणं दोन्ही बंद केलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून १०० वॅट-अवरच्या आतली एकच बँक न्यायची मुभा ठेवली, तीही वापरायची नाही. थोडक्यात, ही वस्तू गेटवर बसून काम करण्यासाठी घ्या, उड्डाणासाठी नको. आत सीटखालचा सॉकेट असेल तर ६५ वॅटचा चार्जर सहसा चालतो. १०० चा लावला तर तो सॉकेट बंद पडण्याची शक्यता असते.

बँक केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनच्या सामानात कधीच नाही. फसगत होते ती गेटवर: जागा नाही म्हणून केबिन बॅग खाली पाठवायला घेतात आणि बँक आतच राहते. म्हणून ती बाहेरच्या कप्प्यात हवी, किल्ल्या-नाणी यांच्यापासून दूर. विमानात वरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर ठेवा. सीटच्या फटीत पडली तर सीट हलवू नका, क्रूला बोलवा. दबलेला सेल पेट घेऊ शकतो.

चीनमध्ये देशांतर्गत उड्डाण असेल तर २८ जून २०२५ पासून बँकेवर तिथली ३सी ही सक्तीच्या सुरक्षा प्रमाणपत्राची खूण लागते. बाहेर विकल्या जाणाऱ्या बऱ्याच बँकांवर ती नसते. आणि निघायच्या आदल्या रात्री बँक सपाट टेबलावर ठेवून बोटाने दाबून बघा. डुगडुगली तर सेल फुगलाय, ती घरीही ठेवू नका, ई-कचऱ्यात द्या.