जुन्या मारुती ८००साठी लोअर आर्मचे बुश निवडताना

आमच्याकडे २००४ सालची मारुती ८०० आहे. वडिलांनी घेतलेली ही गाडी आजही आठवड्यातले चार-पाच दिवस पुण्यात धावते. पुढचे चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म, आणि तो सांगाड्याला जिथे जोडतात तिथला रबर भरलेला नळीसारखा भाग म्हणजे बुश. हे बुश मला दोन वर्षांत दोनदा बदलावे लागले. पहिला संच स्वस्तातला होता. त्याच्या उत्पादकाचे नाव येथे घेत नाही. अकरा महिन्यांतच स्पीडब्रेकरवर ‘टक’ असा आवाज येऊ लागला आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली.

आर्म खोलल्यावर जुना बुश हातात घेऊन नीट पाहिला. बाहेरची नळी जागेवर होती, पण आतल्या पोलादी नळीपासून रबर जवळजवळ गोलाकार सुटून आले होते आणि बोटाने ढकलले तरी नळी सहज फिरत होती. या बुशमध्ये काहीही घासणे अपेक्षित नसते. दोन नळ्यांच्या मध्ये रबर पक्के चिकटवलेले असते आणि आर्म वर-खाली होताना ते फक्त पिळले जाते, म्हणून त्याला तेल किंवा ग्रीस लागत नाही. आवाज बंद व्हावा म्हणून काही गॅरेजांत त्यावर डिझेल किंवा ऑइल मारतात. त्याने रबर फुगते आणि लवकर मरते.

मात्र सगळा दोष त्या संचावर टाकणे न्याय्य होणार नाही. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असतानाच बुशमधून जाणारा बोल्ट पूर्ण आवळला गेला होता, हे मी स्वतः उभा राहून पाहिले होते. त्याचा अर्थ तेव्हा मला कळला नव्हता. तसे केले की गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच बाजूने आणखी ताणले जाते. बोल्ट आधी हलका लावावा, गाडी चाकांवर उतरवावी, दोनदा दाबून सोडावी आणि मगच शेवटचा आवळ द्यावा.

दुसऱ्या वेळी पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरासारख्याच पण कडक प्लास्टिकच्या, बुशचा विचार मनात आला होता. ते रबरापेक्षा टिकाऊ असते आणि स्टेअरिंगला नेमकेपणा देते, हे खरे आहे. परंतु ते कडक असल्याने रस्त्याची थरथर थेट बॉडीत येते, आणि वेळोवेळी सिलिकॉन ग्रीस न दिल्यास ते कुरकुरते. शर्यतीच्या गाडीला ते शोभेल. आई-वडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या गाडीला मऊ रबरच हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून नाना पेठेतून मारुतीचेच जेन्युइन बुश आणले. पाकीट सीलबंद होते आणि त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेले होते. ते पाहणे आवश्यक आहे, कारण रबर दुकानात पडूनही म्हातारे होते. नखाने दाबल्यावर खूण लगेच भरून आली आणि नळ्यांच्या कडेला रबर कुठेही सुटलेले नव्हते. किंमत पहिल्या संचाच्या जवळजवळ तिप्पट पडली, आणि स्टॅबिलायझर बारच्या (दोन्ही बाजूंच्या आर्मना जोडणाऱ्या आडव्या पोलादी दांड्याच्या) बुशसाठी सहा दिवस थांबावे लागले. ते बुश टाळू नयेत, कारण या गाडीत हा बार आर्मला पुढे-मागे सरकण्यापासूनही धरून ठेवतो; तिथले रबर बसले की ब्रेक मारताना चाक मागे सरकते आणि नव्या आर्म बुशवरही भलता ताण येतो. बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा फिरता सांधा) ढिला झाला असेल, तर सुटे बुश घेण्याऐवजी पूर्ण आर्म घेणे श्रेयस्कर.

या वेळी बुश हातोड्याने न ठोकता प्रेसवर बसवून घेतले, दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले आणि त्यानंतर अलाइनमेंट केले. आता ९,००० किलोमीटर झाले आहेत. स्पीडब्रेकरवरचा आवाज नाही, ब्रेक दाबल्यावर गाडी सरळ थांबते, आणि गेल्या आठवड्यात टॉमी (लोखंडी पहार) लावून आर्म हलवून पाहिला, तेव्हा रबर दबले आणि पुन्हा जागेवर आले.