नऊ उंदीर आणि एक रिकामा रकाना

आमच्या कंपनीच्या नव्या द्रावकाची 'ॲक्यूट ओरल' चाचणी (एकदाच तोंडावाटे दिल्यावर पदार्थ किती विषारी ठरतो, ते उंदरांवर पाहणं) एका कंत्राटी प्रयोगशाळेकडे दिली होती. काम चोख, कागद गचाळ. पाचात साडेतीन तारे.

आमच्या साहेबांना एलडी 50 चा, म्हणजे निम्मी जनावरं ज्याने दगावतात त्या डोसचा, नेमका आकडा हवा होता. प्रयोगशाळेच्या स्टडी डायरेक्टर बाईंनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "त्यासाठी ढीगभर जनावरं लागायची ती जुनी पद्धत, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 401 क्रमांकाची, 2002 सालीच रद्द झाली. आम्ही त्यांचीच 423 करू, कमी जनावरांची. तुम्हाला आकडा नाही, विषारीपणाचा वर्ग मिळेल." साहेब फुगले, मला मात्र बाई पटल्या. पदार्थाची आधीची माहिती नव्हती, म्हणून थेट 2000 वर उडी न मारता किलोमागे 300 मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. तीन माद्या, सगळ्या जगल्या. पुन्हा तीन, त्याही जगल्या. मग 2000 ला तीन, त्यातल्या दोन दगावल्या. तिथेच थांबले. नऊ जनावरांत जीएचएस या रसायनांच्या जागतिक वर्गवारीतला वर्ग 4 ठरला.

2000 च्या डोसिंगला मी हजर होतो. रात्रभर उपाशी ठेवलेल्या माद्या, शेपटीवर मार्करच्या रेघा. मान पकडून गॅव्हाजची, म्हणजे थेट पोटात औषध सोडायची, बोथट सुई घशाखाली. मला भीती वाटत होती तेवढी झटापट झालीच नाही. तासाभराने एकीच्या नाकाभोवती लाल दिसलं. मी म्हणालो, "रक्त!" टेक्निशियन मुलगा शांतपणे म्हणाला, "रक्त नाही सर, पॉर्फिरिन. डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं, उंदीर बेजार झाला की." नोंदवहीतही त्याने तसंच लिहिलं, वेळेसकट. या मुलासाठी एक तारा जास्त द्यायला हवा.

आणि मग अहवालाचा मसुदा आला. सारांशात वाहक (ज्यात पदार्थ मिसळून देतात ते) म्हणून पाणी, आतल्या पानावर मक्याचं तेल. अहो, आमचा पदार्थ पाण्यात विरघळतच नाही! बॅच क्रमांकातले दोन अंक उलटसुलट. जगलेल्या मादीच्या सातव्या दिवसाच्या वजनाचा रकाना रिकामा. मूळ नोंदीत वजन होतं, टाइप करताना गळलं. सोबतच्या पत्रात 'क्यूए (गुणवत्ता) तपासणी झाली आहे' असंही लिहिलेलं. दुरुस्त प्रत यायला तीन आठवडे लागले.

आता 28 दिवस रोज डोस द्यायची ओईसीडीची 407 चाचणी करायची आहे, म्हणजे कंट्रोल (पदार्थ न दिलेला तुलनेचा गट) धरून किमान 40 उंदीर. ती यांनाच देतोय. फक्त मसुद्याबरोबर मूळ नोंदींच्या प्रती द्यायच्या, हे यावेळी करारातच लिहून घेतलं.