बिनटाक्याचे उपचार, सांगली-मिरज : पायाच्या शिरा आणि यकृताच्या गाठी

पायाच्या फुगलेल्या शिरांसाठी सांगली-मिरज सोडून पुण्याला जायची गरज नाही. यकृताच्या गाठीत केमो सोडायची असेल तर तेही इथे करून घेता येतं, मात्र आधीच्या सीटीवर आणि नंतरच्या तपासणीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. किरणोत्सारी कण सोडायचे असतील तर सरळ मुंबई-पुण्याची गाडी धरा. मांडीतून किंवा मनगटातून सुई घालून आतल्या आत होणाऱ्या या उपचारांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी म्हणतात. सुई घालणारा हात इथे चांगला मिळतो. सेवा डावी-उजवी ठरते ती सुईच्या आधी आणि नंतर.

मिरज दवाखान्यांचं गाव. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातले रुग्णही इथल्या स्टेशनवर उतरतात. आता कॅथलॅबही (एक्स-रेत बघत रक्तवाहिनीत नळी घालायच्या खोल्या) आहेत, पण त्या बहुतेक हृदयरोग्यांसाठी बसवलेल्या. तुमची वेळ दुपारी दोनची असली तरी मध्ये हार्ट अटॅकचा रुग्ण आला की नंबर संध्याकाळवर जातो, आणि रात्रीपासून उपाशी असलेल्या मधुमेही माणसाची साखर खाली येते. साधारण सहा तास पोट रिकामं असलं की पुरतं. पहाटे हलकं खाल्लं तर चालेल का, इन्सुलिन किती घ्यायचं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

आधी पायांचं. हळदीच्या पेठेतले हमाल, द्राक्षबागेत दिवसभर उभी राहणारी माणसं, एसटीचे वाहक : घोट्याजवळ काळं पडलेलं कातडं आणि महिनोन्‌महिने न भरणारी जखम यांच्यात नवी नाही. पहिली परीक्षा डॉपलरची, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची. तो रुग्णाला उभं करूनच झाला पाहिजे. पोटरी दाबून सोडली की रक्त अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहतं का, ते बघायचं असतं, आणि झोपवून केलेल्या डॉपलरमध्ये हे नीट दिसत नाही. घाईच्या ठिकाणी नेमकं झोपवूनच उरकतात. रिपोर्टमध्ये तीन गोष्टी हव्यात : जांघेतली झडप गळते का, शिरेची रुंदी किती मिलीमीटर, आणि खोल शिरा मोकळ्या आहेत का. खोल शीर बंद असताना वरची जाळली तर पाणी जायचा उरलेला एकुलता पाटही बुजवल्यासारखं होतं.

गळकी शीर आतून जाळायचं लेसरचं काम तासाभराचं. गुडघ्याच्या आसपास सुई घालून १४७० नॅनोमीटरचं फायबर शिरेतून वर नेतात आणि त्याचं टोक, जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्या जोडाच्या साधारण २ सेंटीमीटर अलीकडे थांबवतात. मग शिरेभोवती सोनोग्राफीत बघत गार सलाईन आणि भुलीच्या औषधाचं मिश्रण भरतात, दर सेंटीमीटरला साधारण १० मिली. खरी कसोटी इथे आहे. या पाण्यामुळे शीर फायबरला घट्ट चिकटते, कातडी आणि नस (मज्जातंतू) उष्णतेपासून लांब राहतात. पाणी भरताना टोचतं, रुग्ण कुरकुरतो, म्हणून कुणी हात आखडता घेतला की कातडी भाजते किंवा पायाचा पट्टा बधिर होतो. गुडघ्याखाली नस शिरेला लागूनच असते, तिथे धोका जास्त.

उष्णता किती दिली हे घरी बसून तपासता येतं. ऑपरेशनच्या कागदावर एकूण ज्यूल आणि जाळलेल्या शिरेची लांबी मागा आणि भागाकार करा. ४० सेंटीमीटर शिरेला २८०० ज्यूल म्हणजे सेंटीमीटरला ७०. ६० ते ८० च्या दरम्यान आलं तर ठीक. फारच कमी असेल तर शीर पुन्हा उघडण्याची शक्यता वाढते. हे दोन आकडे ज्या कागदावर नाहीत, तिथे पुढच्या तपासणीला विचारणारही कुणी नसतो, असा अंदाज बांधायला हरकत नाही. फायबरचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. त्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं असावं आणि बिलाशी जुळावं.

त्याच दिवशी चालत घरी जाता येतं. किंबहुना चालायलाच हवं. आठवड्याभरात पुन्हा डॉपलर, कारण जळालेल्या शिरेतली गुठळी कधीकधी जांघेतल्या खोल शिरेत डोकावते. 'दुखलं तर या' एवढं सांगून पाठवणाऱ्या ठिकाणाचे इथे गुण कापावेत, कारण ही गुठळी मुळीच न दुखताही असू शकते. दाबाच्या मोज्यांचं माप सकाळी, सूज चढायच्या आत घ्या. एप्रिल-मेच्या उन्हात हे मोजे कुणी घालत नाही, कितीही बजावलं तरी. बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणी उरकून दिवाळीनंतरची तारीख घ्यावी.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतू शकते. मधुमेही किंवा तंबाखू-विडीवाल्या माणसाच्या पायाची धमनी अरुंद असेल आणि कुणी शिरांसाठी म्हणून घट्ट मोजा चढवला, तर बोटं काळी पडतात. घोट्याचा रक्तदाब भागिले हाताचा रक्तदाब, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं की धमनीचा दोष धरतात, ०.५ च्या खाली मोजे नकोतच, आधी धमनीचं बघायचं. मधुमेह्यात धमनी कडक होऊन आकडा फसवा वाढतो, तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. मोजे लिहून देण्याआधी पायाची नाडी बोटांनी चाचपून बघणारा डॉक्टर दिसला की निम्मी काळजी मिटली म्हणा.

आता यकृत. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं : साधारण ७५ टक्के आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, २५ टक्के धमनीतून. यकृतात उगवलेली कर्करोगाची गाठ मात्र जवळपास सगळं धमनीवर जगते. म्हणून धमनीतून गाठीच्या फांदीपर्यंत जाऊन औषध सोडायचं आणि मागून फांदी बंद करायची. याला टेस म्हणतात. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या अभ्यासांनी निवडक रुग्णांचं आयुष्य याने वाढतं हे दाखवलं. 'निवडक' हा शब्द महत्त्वाचा. बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) ३ च्या वर, पोटात पाणी, पोर्टलची मुख्य शीर गुठळीने बंद, असं असताना टेस केली तर गाठीआधी यकृतच बसतं. हे बघून 'तुम्हाला करणार नाही' म्हणणारं ठिकाण चांगलं समजावं.

सगळं सीटीवर ठरतं आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच. ट्रायफेजिक सीटी म्हणजे हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट (फोटोत उजळ दिसणारं औषध) सोडल्यावर साधारण ३५ सेकंदांनी, ७० सेकंदांनी आणि ३ ते ५ मिनिटांनी असे तीन फोटो. गाठ पहिल्यात उजळते, नंतर काळवंडते. सिरॉसिसच्या (यकृत कडक झालेल्या) रुग्णात ही खूण स्पष्ट असेल तर सुईने तुकडा काढायचीही गरज पडत नाही. औषध सेकंदाला ४-५ मिलीच्या वेगाने जायला हवं, त्यासाठी कोपराजवळ हिरवी किंवा किमान गुलाबी सुई हवी. मनगटाच्या मागे निळी बारीक सुई लावून काम चालवलं की पहिला फोटो फुकट जातो आणि दुसरीकडे पुन्हा सीटी काढावी लागते. फिल्म घेऊन फिरू नका, पूर्ण सीडी मागा. फिल्मवर निवडक चित्रंच येतात.

प्रत्यक्ष टेसमध्ये मांडीतून ५ फ्रेंचची, म्हणजे पावणेदोन मिलीमीटरच्या आतली नळी आणि तिच्यातून आणखी बारीक मायक्रोकॅथेटर जातो. अंदाजपत्रकात मायक्रोकॅथेटर वेगळा दिसला पाहिजे. तो वगळून स्वस्तात करणारे मुख्य धमनीतूनच औषध सोडतात, आणि त्यात चांगल्या यकृतालाही मार बसतो. नंतर ४ ते ६ तास पाय सरळ ठेवून पडून राहायचं. त्या रात्री जतला किंवा आटपाडीला खड्ड्यांतून मोटारसायकलवर निघू नका. जांघेत सूज आली तर आडवं होऊन घट्ट दाबायचं आणि परत फिरायचं. ताप, मळमळ, उजव्या बरगडीखालचं दुखणं काही दिवस राहतं. थंडी वाजून येणारा ताप किंवा आठवड्यानंतरही न उतरणारा ताप वेगळा. त्यात गळू झालंय का बघावं लागतं. पित्तनलिकेत स्टेंट असलेल्यांना हा धोका जास्त.

३ सेंटीमीटरपर्यंतच्या एखाद्या गाठीला सुईने जाळणं टेसपेक्षा बरं. मात्र गाठीला लागून मोठी शीर असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवतं आणि ती कड जिवंत राहते. मायक्रोवेव्हच्या सुईने जाळताना हे कमी होतं. सुरुवातीला म्हटलेल्या किरणोत्सारी कणांना, म्हणजे यट्रियमला, दोन फेऱ्या लागतात : आधी चाचणीचे कण सोडून किती फुप्फुसात निसटतात ते मोजतात, मग खरे. यट्रियमचं अर्धायुष्य (जोर निम्मा व्हायचा वेळ) ६४ तास, त्यामुळे तारीख चुकली की डोस चुकला.

पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच आहे. भरती व्हायच्या आधी रेशन कार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राकडे (दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे) जा आणि तुमचा उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते नावानिशी विचारा. नंतर मंजुरी आणू म्हणून आधी भरती होऊ नका.

टेसनंतर ४ ते ६ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन असतो, आणि डिस्चार्ज कार्डवर लिपिओडॉल (औषध वाहून नेणारं तेल) वापरलं की बीड्स (औषध भरलेले बारीक मणी) हे बहुधा लिहिलेलंच नसतं. मागून लिहून घ्या. लिपिओडॉल सीटीत पांढरंफेक दिसतं आणि त्या पांढऱ्यात गाठीचा जिवंत कोपरा लपतो. अशा रुग्णाला एमआरआय जास्त उपयोगी पडतो.