कराटे की तायक्वांदो? आमच्या घरात दोन्ही आहेत म्हणून सांगतो

जून उजाडला की सोसायटीत कुणीतरी लिफ्टपाशी गाठतंच, पोराला कराटेला घालू का तायक्वांदोला? मी कॉलेज संपेपर्यंत शोतोकान स्टाइलचं कराटे केलं, मुलगी आता चौथं वर्ष तायक्वांदो करतेय, त्यामुळे लोकांना वाटतं याच्याकडे उत्तर रेडी असणार. रेडी वगैरे काही नाही, पण फरक काय ते मात्र मला चांगलंच कळलंय, तेही मार खाऊन.

दिवाळीच्या सुट्टीत हॉलमधला सोफा भिंतीला लावून मी आणि मुलगी लढत होतो. मी लांब होतो तोवर माझं काही खरं नव्हतं, तिचा पुढचा पाय कायम उचललेला, गुडघा छातीपाशी, मी जरा सरकलो की तळवा पोटावर, परत सरकलो की पाऊल कानाजवळ येऊन थांबलेलं, आणि हे सगळं एका पायावर उड्या मारत. शेवटी एक किक हातावर घेतली आणि आत घुसलो. आत गेल्यावर बघतो तर हिचे दोन्ही हात मांडीपाशी लोंबतायत! मी मूठ नाकासमोर नेऊन थांबवली तर मला म्हणते, बाबा, तोंडावर पंच फाउल असतो.

सगळा फरक ह्यातच आला बघा. ऑलिम्पिकवालं जे तायक्वांदो आहे त्यात पंच फक्त छातीच्या गार्डवर, त्याला 1 पॉइंट, गार्डवर किक 2, डोक्यावर किक 3, आणि गिरकी घेऊन मारली की अंगावर 4 आणि डोक्यावर 5. आता सांगा, 1 पॉइंटसाठी कोण हात वापरेल? आणि तोंडावर पंच येणारच नसेल तर हात वर कशाला ठेवायचे? कराटेत उलटं, पंचला 1, पोटावरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3, पण पंच पटकन लागतो म्हणून सगळे हातावरच खेळतात, आणि चेहऱ्यावरचा फटका कंट्रोलमध्ये ठेवावा लागतो. जोरात लागला तर मारणाऱ्यालाच पेनल्टी. टोकियो ऑलिम्पिकची कराटे फायनल आठवते का कुणाला, 75 किलोच्या वरची? सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता, त्याने डोक्याकडे अशी किक हाणली की इराणचा सज्जाद गंजजादेह आडवाच झाला, आणि गोल्ड मिळालं आडवा झालेल्याला, हमेदी डिस्क्वालिफाय. तायक्वांदोत तशीच किक बसून समोरचा उठला नाही तर तुम्ही जिंकलात.

म्हणजे एकात थांबवायची सवय लागते आणि दुसऱ्यात हात खाली ठेवायची. दोन्ही सवयी रस्त्यावर कामाच्या नाहीत हे आधीच सांगून टाकतो, कारण सेल्फ डिफेन्ससाठीच घालायचंय असं म्हणणारे खूप भेटतात. तरी त्यातल्या त्यात माझं मत कराटेला, कारण लोकलच्या डब्यात नाहीतर जिन्यात डोक्याएवढी किक मारायला जागा कुठेय, आणि जीन्स घालून ओल्या फरशीवर तर विचारूच नका. कोपर, गुडघा, जवळून पंच हे कराटेत बेसिकपासून येतं. खरोखरचा मार खायची तयारी असेल तर क्योकुशिन बघा, मासुतात्सु ओयामांची कराटे स्टाइल, त्यात अंगावर फुल कॉन्टॅक्ट, गार्ड नाही, फक्त हाताने चेहऱ्यावर मारत नाहीत. आणि तायक्वांदोतही आयटीएफवाले (ऑलिम्पिकवाल्यांपेक्षा वेगळी संघटना) डोक्यावर पंच मारतात, त्यामुळे क्लास कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी विचारा. नुसतं 'कराटे-तायक्वांदो' असा एकच बोर्ड लावून दोन्ही शिकवणारे असतात, त्यांना तर नक्कीच विचारा.

बाकी दोघांची भांडणं भावकीतली. ओकिनावाचे कराटे मास्तर फुनाकोशी 1922 ला टोकियोत कराटे घेऊन गेले, पुढे जपानात शिकायला गेलेले कोरियन तेच शिकून घरी परतले, तायक्वांदो हे नाव 1955 चं, ते सुचवणारे चोई होंग ही स्वतः कराटे शिकलेले. जुन्या कोरियन क्लासात प्योंगआन नावाचे फॉर्म (एकट्याने करायचे ठरलेल्या हालचालींचे क्रम) होते ते म्हणजे आमचे कराटेतले हेइआनच. नंतर त्यांनी पाय वाढवले आणि आपलं वेगळं केलं.

मुलांचं म्हणाल तर ज्याच्या अंगात किडे आहेत त्याला तायक्वांदो. किक पॅडवर ठप्प असा आवाज आला की पोरं वेडी होतात, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला किबादाचीत (घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून) मांड्या थरथरेपर्यंत उभं राहा म्हटलं तर तो दुसऱ्याच आठवड्यात पोट दुखतंय सांगतो (मी सांगितलं होतं). काता, म्हणजे कराटेतले फॉर्म, पण तसेच, एकच हेइआन शोदान महिनोन्महिने घासायचा. तायक्वांदोत काताच्या जागी पूमसे असतात, पण आमच्या हिच्या क्लासात त्याची आठवण बेल्ट एक्झामच्या आधीच होते. उलट पस्तिशीनंतर सुरू करणार असाल तर मी कराटेच सांगेन. ताणून पाय डोक्यापर्यंत नेण्यात हॅमस्ट्रिंगची वाट लागते, आणि काता एकट्याने गच्चीवर सकाळी पण करता येतो, पार्टनर लागत नाही.

ऑलिम्पिकचं स्वप्न असेल तर मात्र विषयच संपला. तायक्वांदो सिडनी 2000 पासून मेडलचा खेळ आहे, कराटे टोकियोत एकदाच आलं, पॅरिसला नव्हतं, 2028 ला लॉस एंजेलिसलाही नाही. एशियन गेम्सला दोन्ही असतात.

खर्च तायक्वांदोत जास्त, छातीचा गार्ड, हेड गार्ड, हातापायाचे गार्ड, मोठ्या स्पर्धेला सेन्सरवाले मोजे, आणि पोरांचे पाय वाढतच असतात. फसवणूक दोन्हीकडे सारखी. एका क्लासात दर तीन महिन्यांनी एक्झाम, दर एक्झामला फी, आणि दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, तिथून मी हिला काढलं. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी सर्टिफिकेट लागणार असेल तर सरांच्या शब्दावर जाऊ नका, ती स्पर्धा चालते का हे जिल्हा क्रीडा कार्यालयात स्वतः विचारून या.

दोन्हीकडे एकेक ट्रायल करा आणि शेवटची वीस मिनिटं थांबून बघा, मुलं एकमेकांशी खेळतात तेव्हा सर मोबाईलमध्ये आहेत की पोरांमध्ये. आणि जायच्या आधी पोराच्या पायाची नखं कापा, दोन्हीकडे अनवाणीच असतं.